‘तत्त्वज्ञ’ हा शब्द माझा नव्हे

मुलुंड (पूर्व),
सोमवार, ७ जुलै १९८६

तीर्थस्वरूप भाऊ यांस,

धाकटा चुलतभाऊ विद्याधर याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे तूर्त अष्टांगांपैकी पाचच जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनाने टेकवली आहेत, ती मोजून घ्यावीत.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? सुनंदाने त्यांच्यासाठी शेकायची पिशवी पाठवली होती, ती पोचली का? तुमचा खोकला म्हणे रात्रीचा गेला आणि दिवसाचा राहिला. म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच म्हणायची. आंब्यांची पेटी मिळाली. वरचे दोन थर उत्तम होते. तळाच्या थराबद्दल मी काही लिहीत नाही, कारण पत्राची सुरुवात गोड असावी असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मुख्याध्यापकपद सोडून तुम्हाला बारा वर्षं झाली, तरी गावातली पोरं तुम्हाला पाहून अजून वाट बदलतात असं गावाहून आलेला अप्पा सांगत होता. ऐकून हेवा वाटला. माझ्या वर्गातली पोरं वाट बदलत नाहीत, कारण मुळात ती त्या वाटेला येतच नाहीत. पण त्याबद्दल पुढे.

इकडची खुशाली एका वाक्यात सांगायची तर मी रागावलेलो आहे. मे महिन्यापासून रागावलेलो आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, रक्तदाबाची गोळी दिली, आणि शांत राहा म्हणून सांगताना भिंतीवरच्या एका पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलेलं होतं: ‘घाई करणारा पोचतो, पण कुठे ते त्याला विचारा.’ खाली नाव: तत्त्वज्ञ गुणाजी घाडी. भाऊ, मी गोळी तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आलो. बाहेर रिक्षा केली तर तिच्या पाठीवर तेच वाक्य, शेजारी कमळ काढलेलं. चालत घरी आलो.

तुम्ही गावात राहता, म्हणून मुळापासून सांगतो. गेली एकवीस वर्षं मी घाटकोपरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला चार विद्यार्थी होते. त्यांतल्या एकाला बँकेची परीक्षा द्यायची होती आणि हा तास सकाळी लवकर संपतो एवढंच त्याचं तत्त्वज्ञानावरचं प्रेम. एप्रिलमध्ये प्राचार्यांनी बोलावून घेतलं, चहा पाजला (तेव्हाच मला शंका आली), आणि सांगितलं की यंदा एकवीस जुलैपर्यंत दहा विद्यार्थी झाले तर विषय राहील. नऊ झाले तर बंद. विषय बंद झाला की मी ‘अतिरिक्त’. अतिरिक्त शिक्षकाला संस्था टाकून देत नाही, दुसऱ्या कामाला लावते. मला संस्थेच्या वाणिज्य शाखेत ‘व्यापारी पत्रव्यवहार’ शिकवायला पाठवणार आहेत. ‘मी आहे हे मला कशावरून कळतं’ हा प्रश्न ज्याने जवळजवळ दोन तपं शिकवला, त्याने आता ‘आपले पाच तारखेचे कृपापत्र पावले’ शिकवायचं! भाऊ, मला दुसरं काही येत नाही हो. चाळीस माणसांच्या लग्नात मी पंगतीत वाढायलासुद्धा उभा राहत नाही, कारण पापड वाढता वाढता विचारात पडतो. हा एक विषय आहे, आणि तोही चालला.

आता ज्याच्यापायी माझं रक्त तापतं त्या माणसाबद्दल. हा गुणाजी घाडी परळच्या एका गिरणीत सव्वीस वर्षं साच्यावर (म्हणजे कापड विणायच्या मागावर) होता. संपात गिरणी गेली. सध्या साकीनाक्याला स्क्रू बनवणाऱ्या एका गाळ्यात काम करतो. संपाच्या रिकाम्या दिवसांत त्याला विचार सुचू लागले (लोकांना ताप येतो, खोकला होतो, याला विचार झाले), ते त्याने जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहून काढले आणि कोणीतरी त्यांचं पुस्तक छापलं. ‘तिसऱ्या पाळीचे विचार’. तीन वर्षांत पाच आवृत्त्या! माझा प्रबंध, ‘ज्ञानप्रामाण्याची समस्या: एक पुनर्विचार’, सहाशे बारा पानं, त्याच्या जगात एकूण तीन प्रती आहेत. एक विद्यापीठाने कुलूपबंद करून ठेवली आहे. एक तुमच्याकडे आहे. (‘सावकाश वाचतो’ असं तुम्ही म्हणालात त्याला परवा अकरा वर्षं झाली. मुळीच घाई नाही.) आणि तिसरी आमच्या घरात शिवणाच्या पायमशीनच्या आखूड पायाखाली आहे. सुनंदा म्हणते की ती काढली तर टाके सरळ पडत नाहीत. म्हणजे माझ्या संशोधनाने निदान एका बाबतीत तरी समतोल राखला.

माझा आक्षेप त्याने लिहिण्याला नाही. लिहावं. साच्यावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने लिहू नये तर कोणी लिहावं? माझा आक्षेप त्या एका शब्दाला आहे. कंपाउंडरने वीस वर्षं बाटल्या भरल्या म्हणून त्याला डॉक्टर म्हणतात का? तीन चाकांची रिक्षा चालवायची तर बिल्ला लागतो, परवाना लागतो, फोटो लागतो. आमच्या सोसायटीत पंपाची वायर जोडायला आलेल्या माणसाकडे मी स्वतः कागद मागितला होता. आणि तत्त्वज्ञ म्हणवून घ्यायला मात्र काहीच लागू नये? दोन शब्द असे लिहिले की वाचणाऱ्याने मान हलवावी, की झाला तत्त्वज्ञ! कागद असल्याशिवाय कोणालाही काहीही म्हणवून घेता येत नाही, हे मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं. (कपबशी फुटली. ती ग्रंथपालबाईंची होती.)

सुनंदा या बाबतीत माझ्या विरुद्ध आहे, हे वेगळं सांगायला नको. ती त्याचं पुस्तक ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचते, आणि तिच्या सेक्शनमधल्या सगळ्या बायका वाचतात. एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, ‘अहो, तो तुमचा विष प्यायलेला ग्रीक म्हातारा होता ना, बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारायचा तो. तो कुठल्या युनिव्हर्सिटीचा?’ मी म्हटलं, तेव्हा युनिव्हर्सिट्या नव्हत्या. तर म्हणते, ‘मग गुणाजींच्या वेळी तरी कुठे होत्या? ते साच्यावर होते ना!’ आणि भाजीची देठं माझ्यासमोरच्या वर्तमानपत्रात टाकून आत गेली. हा युक्तिवाद नव्हे, भाऊ. यात किमान तीन दोष आहेत. ते मी मागाहून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितले, पण तोवर कुकरची शिट्टी झाली.

पुस्तक न वाचता बोलतो असं कोणी म्हणू नये म्हणून मी ते वाचलं. लाल शाई घेऊन वाचलं. एकशे चाळीस पानांत दोनशे सतरा चुका निघाल्या! एकाच अनुभवावरून साऱ्या मनुष्यजातीबद्दल विधान करणे, चौऱ्याऐंशी वेळा. आधी म्हटलेलं नंतर खोडणे, एकतीस वेळा. व्याख्या न करता ‘सुख’ हा शब्द वापरणे तर मोजणंच सोडून दिलं. पुस्तक इतकं लाल झालं की सुनंदाला वाटलं वर कुंकवाचा करंडा सांडला. फक्त त्रेसष्टावं पान तेवढं कोरं राहिलं. त्या पानावर एवढंच आहे: ‘गिरणीचा भोंगा बंद झाला, तरी मी रोज त्याच वेळेला जागा होतो. मग इतकी वर्षं मला उठवत होतं कोण?’ हे पान कोरं राहिलं कारण त्या सुमारास लाल शाई संपली. दुसरं काही कारण नाही. नंतर शाई आणली, पण मग ते पान राहूनच गेलं.

आता मानपत्राचं प्रकरण. आमच्या मुलुंडात दर मे महिन्यात व्याख्यानमाला होते. तिचे कार्यवाह जयवंतराव. त्यांचं स्टेशनसमोर संडास-बाथरूमच्या भांड्यांचं मोठं दुकान आहे, आणि शिवाय (इथे लक्ष द्या) ते आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर आहेत. म्हणजे माझा विषय जगवायचा की मारायचा, यावर जी सहा डोकी हात वर करणार, त्यांतलं एक यांचं. हे गृहस्थ एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, समारोपाला गुणाजींचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र तुम्हीच लिहा. तत्त्वज्ञाचं मानपत्र तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने नाही लिहायचं तर काय मी लिहायचं? झकास होऊन जाऊ द्या.’ मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या त्या विषयाचं काय झालं, किती झाले विद्यार्थी?’ आणि मी तोंड मिटलं. ते उघडलं तेव्हा त्यातून ‘लिहितो’ असा शब्द बाहेर पडला.

पण भाऊ, मीही तुमच्याच हाताखाली अमरकोश पाठ केलेला माणूस. मी ठरवलं, लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. तसा मी कागद घेऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत काही लिहून पूर्ण केलं. ‘हे गुणाजी, आपण प्रमाणनिरपेक्ष लेखन केले आहे.’ (म्हणजे पुरावा नावाची वस्तू आपल्या गावी नाही.) ‘पूर्वपक्षाचा स्पर्शही आपल्या लेखणीस झालेला नाही.’ (म्हणजे समोरच्याचं म्हणणं काय, हे आपण कधी ऐकूनच घेतलं नाही.) ‘अतिव्याप्ती हे आपले बलस्थान होय.’ (म्हणजे स्वतःच्या चाळीत घडलं ते त्रिभुवनाला चिकटवून मोकळे.) ‘वदतोव्याघाताची तर आपण खाणच आहात.’ (म्हणजे मागच्या पानावर काय बोललो ते पुढच्या पानावर आठवत नाही.) असे एकूण आठ दोष, सगळे शास्त्रशुद्ध, एकही शब्द खोटा नाही. शिवी म्हणाल तर एकही नाही, आणि म्हणाल तर आठही शिव्याच. मनात म्हटलं, सभेत निदान दोनचार शिकलेली माणसं असतीलच. त्यांची कुजबुज होईल, मग चर्चा होईल, आणि मुलुंडात एकदा तरी या प्रश्नाचा निकाल लागेल.

सभेला बाराशे माणसं. बसायला सतरंज्या अपुऱ्या पडल्या. जयवंतरावांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. फ्लशच्या टाक्या विकताना त्यांना आवाज चढवायची वेळ येत नाही, त्यामुळे तो सगळा साठून राहतो आणि वर्षातून एकदा मानपत्रावर निघतो. ‘आपण प्र-मा-ण-नि-र-पे-क्ष!’ असं ते गरजले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडपावरची कबुतरं उडाली. ‘पूर्वपक्षाचा स्पर्शही!’ पुन्हा टाळ्या. ‘अतिव्याप्ती!’ मागून कोणीतरी शिट्टी मारली. ‘वदतोव्याघाताची आपण खाणच आहात!’ आणि पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांतली एक सुनंदा होती! घरी येताना म्हणाली, ‘तुम्ही मनात इतकं ठेवून होतात आणि मला कधी बोलला नाहीत.’ मानपत्रात जोडाक्षरं असली म्हणजे स्तुतीच असते, हा या लोकांचा सिद्धांत आहे, आणि तो कुठल्या ग्रंथात सापडतो हे मला कोणी दाखवावं!

आणि तो घाडी? उंच, वाळलेला, पांढरा शर्ट, खांद्यावर शाल कशी ठेवायची ते न कळल्यामुळे ती मांडीवर घडी करून बसलेला. टाळ्या पडत होत्या तेव्हा खाली बघून कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, उत्तराच्या भाषणाचे मुद्दे काढतो आहे. उत्तराचं भाषण त्याने साडेतीन मिनिटांत संपवलं. इतकं कमी बोलणाऱ्या माणसाला हे लोक तत्त्वज्ञ कसे म्हणतात, हा आणखी एक प्रश्न.

पण खरा घाव अजून पुढे आहे. मी मजकुराच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘श्री. गुणाजी घाडी, लेखक’. हा एक शब्दसुद्धा मी पेन्सिलीने दोनदा खोडून मग लिहिला होता. छापलेलं मानपत्र समारंभानंतर पाहिलं तर वर अर्धा फूट लाल अक्षरांत ‘महान तत्त्वज्ञ’ आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘शब्दांकन: डॉ. विद्याधर, एम. ए., पीएच. डी., तत्त्वज्ञान विभागप्रमुख’! विभागात मी एकटाच आहे, म्हणून प्रमुख. पण ते सोनेरी अक्षरांत कोणाला दिसतं? मी जयवंतरावांना गाठलं. ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही गडबडीत विसरलात. मी भरून घेतलं. नुसतं लेखक बरं नाही दिसत, फ्रेमच्या मानाने.’ ज्या शब्दासाठी मी ग्रंथपालबाईंची कपबशी फोडली, त्या शब्दाखाली माझं नाव, माझ्या दोन्ही पदव्यांसकट! इथल्या साप्ताहिकाने मानपत्र जसंच्या तसं छापलं. मी संपादकाला खुलासा पाठवला. त्याने तो ‘विनयशील विद्वान’ असा मथळा देऊन छापला.

आणि याचा परिणाम काय झाला असेल? जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. तत्त्वज्ञानाला पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्यात नऊ विद्यार्थी! मी एकेकाला बोलावून विचारलं, हा विषय का घेतलास. सात जणांनी सांगितलं, गुणाजींचं पुस्तक वाचून. आठवी मीरा नावाची मुलगी, भांडुपहून येते, तिने सांगितलं, ‘सर, ते मानपत्र तुम्हीच लिहिलंत ना? आमच्या आईने कापून कपाटाला चिकटवलंय. त्यातलं एक अक्षर कळत नाही, म्हणून म्हटलं शिकावं.’ नवव्याला बँकेची परीक्षा द्यायची आहे. मी एकवीस वर्षं प्रॉस्पेक्टसमध्ये विषयाचं महत्त्व लिहितो आहे, त्याला चार पोरं आली, आणि एका साचेवाल्याच्या चोपड्याला सात! लाज वाटते, राग येतो, आणि तरी हजेरीपुस्तकात ती नऊ नावं मी सुवाच्य अक्षरात दोनदा लिहून काढली, ती कशासाठी हे मला ठरवता येत नाही.

मात्र दहावा नाही. नवावर आठवडाभर काटा अडकला आहे. रोज ऑफिसच्या खिडकीसमोरून तीनदा जातो. कारकून दशरथ आता मला पाहिलं की न विचारता नकारार्थी मान हलवतो. एका डोक्यासाठी माझी वाट लागणार, भाऊ.

तरी माझं मत बदललेलं नाही. पदवी नाही, परंपरा नाही, प्रमाण नाही, अशा माणसाला लोकप्रिय म्हणा, लेखक म्हणा, सज्जन म्हणा, पण तत्त्वज्ञ म्हणू नका. हे मी तुम्हाला लेखी देतो आहे. गावात कोणी त्याचं पुस्तक नाचवत आलं तर हे पत्र खुशाल वाचून दाखवा. वहिनींना नमस्कार. रागाच्या भरात अक्षर बिघडलं आहे, त्याबद्दल कान पकडतो (तुम्ही पकडायचात तोच, डावा).

तुमचा,
विद्याधर

ता. क. — आता वहिनींसमोर पत्र मोठ्याने वाचत असाल तर इथून पुढचं मनात वाचा. वर लिहिलं ते सगळं शनिवारपर्यंतचं. दहावा मिळाला आहे. काल रविवारी सकाळी गुणाजी घाडी आमच्या दारात उभा. सुनंदाने त्याला अशा लगबगीने आत घेतलं की माझी खुर्ची गेली. त्याने खिशातून तोच चिटोरा काढला. त्यावर माझे आठ शब्द, एकाखाली एक. सभेत तो हे लिहीत होता! त्यानंतर पाच रविवार त्याने इथल्या वाचनालयात कोश काढून प्रत्येकाचा अर्थ शोधला होता. म्हणाला, ‘सर, तुमी माका आठ गाळयो घातल्यात. सहा समाजल्यो. दोन काय समाजणत नाय. तेंचो अर्थ सांगशात?’ (गाळयो म्हणजे शिव्या, हे तुम्हाला सांगायला नको.) सुनंदा चहा घेऊन येत होती ती ट्रे घेऊन दारातच थांबली. भाऊ, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सवय वाईट. मी चिटोरा घेतला, सहा अर्थ तपासले (पाच बरोबर, एक अर्धा), आणि उरलेले दोन सांगायला बसलो. दुसरा होता ‘अन्योन्याश्रय’. मी सांगितलं, हिच्या आधाराने ती आणि तिच्या आधाराने ही, अशा दोन गोष्टी एकमेकींना टेकलेल्या असतात, दोघींतली एकही स्वतःच्या पायावर नसते, म्हणून हा दोष. त्याने विचार केला. मग म्हणाला, ‘मगे ह्यो दोष कसो, सर? माणसां अशीच उभी रवतत ना?’ मी सांगितलं की हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात नाही. तर म्हणाला, मग पहिल्या वर्षाला बसतो. संपाच्या काळात बाहेरून बारावी काढली आहे म्हणे. गाळ्यातली पाळी दुपारची आहे, सकाळ मोकळी. जाताना मी कसाबसा विचारलं, सगळं कळूनही रागावला नाहीत? तो चपला घालत होता. ‘राग कसलो? इतक्या बारकाईन माका अजून कोणी वाचूक नाय.’ ते मानपत्र त्याने घरात देवाशेजारी लावलं आहे. अर्थ कळल्यानंतर.

ता. क. दोन — आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. आज सकाळी त्याचा अर्ज घेऊन मी स्वतः खिडकीशी उभा राहिलो. दशरथने तो उलटसुलट केला आणि विचारलं, शाळा सोडल्याचा दाखला कुठे? तो गिरणीत नोकरीला लागताना दिलेला, गिरणीला कुलूप. मी म्हटलं, अरे, या माणसाच्या पाच आवृत्त्या निघाल्या आहेत, त्याला सगळं मुलुंड तत्त्वज्ञ म्हणतं! दशरथ म्हणाला, ‘सर, कागद असल्याशिवाय कोणालाही काहीही म्हणवून घेता येत नाही. तुम्हीच बोलला होतात ना स्टाफरूममध्ये? तेव्हा बशीचे तुकडे मीच गोळा केले.’ मग गुणाजी कॉलेजात आला तेव्हा मी त्याला शाळा विचारली. भाऊ, तुमचीच. खालच्या वाडीतला, सन चव्वेचाळीसला चौथीत होता. रजिस्टरात ‘गुणा धोंडू घाडी’ असं नाव असेल. हल्लीचे मुख्याध्यापक तुमचे विद्यार्थी आहेत, त्यांच्याकडून दुसरी प्रत शिक्क्यासकट घ्या आणि रजिस्टर पोस्टाने धाडा. एकवीस तारीख विसरू नका. चौथीतला तो तुम्हाला आठवत असेल तर कळवा. फार चांगला आठवत असेल तर एकवीसनंतर कळवा.

ता. क. तीन — आणि माझा प्रबंध परत पाठवा. वाचला नसलात तरी चालेल, उलट तसाच हवा. काल जाताना गुणाजीने मशीनच्या पायाखालचं पुस्तक पाहिलं, पुसलं, आणि विचारून घरी नेलं (तिथे आता सुनंदाने दोन विटा लावल्या आहेत, टाके सरळ पडतात). आज दुपारी पाळीवर जाण्याआधी तो कॉलेजात आला होता. मशीनचं तेल झिरपून अठ्ठ्याऐंशीपासून एकशे चारपर्यंतची पानं चिकटली आहेत, ती सुटत नाहीत. एका रात्रीत तो सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत पोचला आहे आणि तिथे थांबला आहे. पुढे काय, म्हणून विचारतो.